फ्लोरिडात एचओएच्या (कॉलनीतल्या घरमालकांच्या असोसिएशनच्या) बोर्डावर निवड : कोर्स सक्तीचा आहे का? आणि नोंदणी नक्की कुठे असते?

मंजिरी_टँपा | ६ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

टँपाच्या उत्तरेला आमची साधारण दोनशे घरांची कॉलनी आहे. गेल्या महिन्यात वार्षिक सभा झाली. बोर्डाच्या तीन जागा आणि अर्जही तीनच, त्यातला एक माझा. त्यामुळे ‘निवडून आले’ हे नुसतं म्हणायला.

मॅनेजमेंट कंपनीच्या बाईंनी एक पानी फॉर्म पाठवलाय. ‘मी डिक्लरेशन (कॉलनीचा मूळ दस्तऐवज), बायलॉज आणि नियम वाचले आहेत, त्यांची अंमलबजावणी करीन’, खाली सही. एवढं दिलंत की काम झालं, म्हणाल्या. बोर्डावरचे एक जुने आजोबा मात्र म्हणतात की तो फॉर्म आता चालत नाही, कोर्स करावा लागतो. तुम्ही केलात का असं विचारलं तर नुसते हसले.

शिवाय असोसिएशनच्या नावाने एक पत्र आलंय. वर गरुडाचा शिक्का, ‘राज्य नोंदणी, अंतिम सूचना’ असं ठळक अक्षरांत, आणि दीडशेच्या आसपास डॉलरचा चेक मागितलाय. खजिनदार चेकबुक काढून बसलेत. अशी काही नोंदणी असते का?

नवरा म्हणतो, नसती उठाठेव आहे, उद्या कोणी केस केली तर आपलं घर जाईल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जॅक्सनव्हिलकर | ६ ऑक्टोबर, रात्री ११.२५

आधी खजिनदारांच्या हातातलं चेकबुक काढून घ्या. मग बाकीचं.

ते पत्र बहुधा कुठल्या तरी खासगी कंपनीचं असेल. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘ही सरकारी संस्था नाही’ असं छापलेलं असतं, बघा. फ्लोरिडात एचओए ही नफा न कमावणारी कॉर्पोरेशन असते, त्यामुळे तिची नोंद राज्याच्या कॉर्पोरेशन विभागाकडे असते. सनबिझ नावाची त्यांची साइट आहे, तिथे असोसिएशनचं नाव टाका. वार्षिक अहवाल १ जानेवारी ते १ मे दरम्यान भरायचा, फी ६१.२५ डॉलर. यंदाचा भरलेला असेल तर तिथेच दिसेल. नसेल भरला, तर सप्टेंबरच्या चौथ्या शुक्रवारी राज्य कॉर्पोरेशनच बरखास्त करतं. पुन्हा जिवंत करता येते, पण मधल्या काळात बँक आणि वकील दोघेही डोकं खातात.

तुमचं डिक्लरेशन काउंटीच्या दप्तरी नोंदलेलं असतं, ते वेगळं. आणि काँडोची (फ्लॅटच्या इमारतींची) गोष्ट आणखी वेगळी. काँडो असोसिएशन डीबीपीआर या राज्याच्या व्यवसाय नियमन खात्याच्या देखरेखीखाली येतात आणि दर युनिटमागे वर्षाला ४ डॉलर भरतात. तुमची स्वतंत्र घरांची कॉलनी आहे, म्हणजे कायद्याचं प्रकरण ७२०. तुम्हाला ते ४ डॉलर लागू नाहीत आणि तेवढी देखरेखही नाही.

आता कोर्स. आजोबा बरोबर आहेत. पूर्वी दोन पर्याय होते : वाचल्याची सही द्या किंवा कोर्स करा. १ जुलै २०२४ पासून सहीचा पर्याय एचओएसाठी गेला. निवड झाल्यापासून ९० दिवसांत, खात्याने मान्य केलेल्या संस्थेचा कोर्स पूर्ण करून प्रमाणपत्र असोसिएशनच्या सेक्रेटरीकडे द्यायचं. नाही दिलं तर देईपर्यंत तुम्ही बोर्डावरून निलंबित, आणि तेवढ्या काळापुरतं बाकीचं बोर्ड तुमच्या जागी दुसऱ्याला बसवू शकतं. प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. त्याशिवाय दरवर्षी किमान ४ तासांचं शिक्षण. २,५०० किंवा जास्त प्लॉट असतील तर ८ तास.

मॅनेजमेंट कंपनीच्या बाईंना दोष देत नाही. त्यांच्या संगणकात जुना फॉर्म असेल, त्या प्रिंट काढत राहतात. पण निलंबन त्यांचं नाही, तुमचं होणार.

मंजिरी_टँपा | ७ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

बापरे. धन्यवाद! पत्राच्या मागे खरंच ती ओळ आहे, खजिनदारांना फोटो पाठवला. सनबिझवर आमचा अहवाल एप्रिलमध्येच भरलेला दिसतोय.

कोर्सला खर्च किती येतो? आणि चार तास एका बैठकीत?

जॅक्सनव्हिलकर | ७ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

फुकटही मिळतात. असोसिएशनची कामं करणाऱ्या वकिलांच्या कंपन्या झूमवर घेतात, त्यांनाही गिऱ्हाईक हवं असतं. फक्त दोन गोष्टी बघा. एक, संस्था डीबीपीआरच्या मान्य यादीत आहे का. दोन, कोर्स ७२० चा आहे, ७१८ चा नाही. ७१८ म्हणजे काँडो. त्यांचा कोर्स चार तासांचा, प्रमाणपत्र सात वर्षांचं, वर वर्षाला एक तास, आणि वाचल्याची सहीही द्यावी लागते. आमच्याकडे एका डायरेक्टरने चुकीचा लावला आणि पुन्हा बसावं लागलं. पीडीएफ आली की नाव, तारीख आणि प्रकरणाचा आकडा तपासून मगच सेक्रेटरीला मेल करा. असोसिएशनने ती पाच वर्षं जपायची असते आणि कोणीही सभासद ती बघायला मागू शकतो.

डेन्व्हरचा_दादा | ७ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

कोलोरॅडोत याच्या बरोबर उलटं आहे. नोंदणी सक्तीची, बोर्डाचं शिक्षण ऐच्छिक.

इथे २०११ पासून प्रत्येक एचओएला राज्याच्या रिअल इस्टेट विभागाकडे दरवर्षी नोंदणी करावी लागते. पत्ता किंवा मॅनेजर बदलला तर ९० दिवसांत कळवायचं. वरवर नुसती कारकुनी. पण नोंदणी संपली असेल तर थकबाकीदाराच्या घरावर लीन (बोजा) लावायचा किंवा वसूल करायचा असोसिएशनचा हक्कच स्थगित होतो. आमच्या शेजारच्या छोट्या टाउनहाउस कॉलनीत हेच झालं. एक मालक सलग ड्यूज देत नव्हता, बोर्डाने वकील केला, तर मालकाच्या वकिलाने पहिल्याच पत्रात विचारलं, तुमची नोंदणी चालू आहे का? ती कधीच संपली होती. बोर्डाने रातोरात ऑनलाइन भरली, पण मधल्या काळातल्या लीनच्या नोटिसांचं काय, यावर पुढे बरीच पत्रापत्री चालली.

आणि एक गैरसमज सगळीकडे दिसतो. नोंदणी आहे म्हणजे राज्य लक्ष ठेवून आहे. अजिबात नाही. इथलं एचओए माहिती केंद्र तक्रारी घेतं, मोजतं, दरवर्षी अहवाल छापतं. चौकशी करायचा किंवा बोर्डाला जाब विचारायचा अधिकार त्यांना नाही. आमच्या गल्लीतले लोक तिथे तक्रार टाकतात आणि महिनाभर इन्स्पेक्टरची वाट बघतात.

बोर्डाच्या शिक्षणाबद्दल कायदा फक्त म्हणतो की डायरेक्टर शिकायला गेले तर खर्च असोसिएशन देऊ शकते. उलट मालकांना वर्षातून एकदा तरी, फुकट, असोसिएशन कशी चालते आणि त्यांचे हक्क काय हे शिकवणं मात्र बंधनकारक आहे. कल्पना छान आहे. प्रत्यक्षात वार्षिक सभेत शेवटची दहा मिनिटं एक स्लाइड दाखवतात, तोवर पिझ्झा संपलेला असतो.

एडिसनचा_नाना | ७ ऑक्टोबर, दुपारी १२.५०

मी जरा तिरकं बोलतो, राग मानू नका.

हे सगळं कशासाठी? मंजिरीताईंच्या कॉलनीत तीन जागांना तीन अर्ज आले. त्यांना आता कोर्स लावा, वर दरवर्षी चार तास लावा, नाही केलं तर निलंबित करा. पुढच्या वर्षी दोनच अर्ज येतील. फुकट काम करणाऱ्या माणसाला परीक्षेला बसवायचं आणि दर महिन्याला बिल लावणारी मॅनेजमेंट कंपनी मोकळी.

आणि झूमच्या कोर्सने कोण शहाणं झालंय? माझा साडू फ्लोरिडातच आहे. एका खिडकीत कोर्स, दुसऱ्या खिडकीत क्रिकेट. प्रमाणपत्र आलं की.

आमच्या न्यू जर्सीत बोर्डाला असला कोर्स सक्तीचा नाही. २०१७ चा रॅडबर्न कायदा आहे, तो निवडणुकांबद्दल : मालकांना मत द्यायचा आणि उभं राहायचा हक्क. माझ्या मते तेवढं पुरे. चुकीचे लोक असतील तर पाडा.

वेगास_वहिनी | ७ ऑक्टोबर, दुपारी २.२०

नाना, निवडणुकीवर एवढा विश्वास ठेवू नका हो. आमच्या लास वेगासमध्ये काय घडलं ते ऐका. २००३ ते २००९ च्या दरम्यान इथल्या काही कॉम्प्लेक्समध्ये एका टोळीने पद्धतशीर बोर्डं ताब्यात घेतली. आपल्या माणसांच्या नावावर युनिट घ्यायचं, मतदानात घोटाळा करून त्याला बोर्डावर बसवायचं, मग बोर्डाने बिल्डरवर सदोष बांधकामाचा दावा ठोकायचा आणि वकिली व दुरुस्तीची कंत्राटं टोळीतल्याच लोकांना द्यायची. एफबीआयची मोठी चौकशी झाली, चाळीसएक लोक दोषी ठरले. तिथे निवडणुका झाल्याच होत्या!

नेवाडात नोंदणी ओम्बड्समनच्या (तक्रारी बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयाकडे असते, दर घरामागे वार्षिक फी, आणि त्या फीवर ते कार्यालय चालतं. कोलोरॅडोपेक्षा इथे जास्त दात आहेत. राज्याचा आयोग सुनावणी घेऊन दंड करू शकतो, डायरेक्टरला काढूही शकतो. शिक्षणाच्या बाबतीत मात्र आम्ही अजून तुमच्या त्या एक पानी फॉर्मवरच : निवडीनंतर ९० दिवसांत ‘मी आमचे दस्तऐवज आणि ११६ वं प्रकरण (म्हणजे इथला एचओए कायदा) वाचलं व समजलं’ अशी लेखी ग्वाही. ११६ वं प्रकरण कोणी उघडून बघितलंय का? मी एकदा प्रिंट काढायला घेतलं होतं, प्रिंटरमधला कागद संपला. ‘समजलं’ म्हणून सही करणाऱ्यांना माझा दंडवत.

जॅक्सनव्हिलकर | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

वहिनींना +१. नाना, फ्लोरिडाचा कायदा उगाच आलेला नाही. मायामी-डेड काउंटीतलं द हॅमॉक्स हे साडेसहा हजारच्या आसपास घरांचं प्रकरण आठवतंय? नोव्हेंबर २०२२ मध्ये आजी-माजी पदाधिकाऱ्यांना अटक झाली. असोसिएशनचे वीस लाखांहून जास्त डॉलर बनावट कंत्राटदारांमार्फत वळवल्याचा आरोप होता. मालक कित्येक वर्षं हिशेब मागत होते आणि हिशेब मिळत नव्हता. शेवटी कोर्टाने कारभार बघायला रिसीव्हर नेमला. त्यानंतर २०२३ आणि २०२४ चे कायदे आले.

म्हणून त्या कोर्समध्ये काय हवं हे कायद्यातच लिहिलंय : आर्थिक साक्षरता आणि पारदर्शकता, कागदपत्रं ठेवणं, दंड आकारणं, सभा आणि नोटिसा. चोर कोर्सने सुधारणार नाही, मान्य. पण बाकीच्या चार डायरेक्टरांना हिशेबाचा कागद कुठला मागायचा हे तरी कळतं.

मॅनेजमेंट कंपनी मोकळी आहे हेही खरं नाही. फ्लोरिडात मॅनेजरला राज्याचा परवाना लागतो. कोलोरॅडोत तसा परवाना होता, तो २०१८ मध्ये बंद पडला. दादा सांगतीलच.

डेन्व्हरचा_दादा | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

हो. २०१९ मध्ये विधिमंडळाने परत आणायचा प्रयत्न केला, गव्हर्नरांनी व्हेटो मारला. त्यामुळे इथे नाना म्हणतात तसंच आहे.

ऑस्टिनवासी | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६.००

टेक्ससची भर घालतो. २०२१ च्या कायद्यानंतर प्रत्येक असोसिएशनला मॅनेजमेंट सर्टिफिकेट काउंटीत नोंदवून राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनकडेही चढवावं लागतं. बोर्डापेक्षा घर घेणाऱ्याला त्याचा फायदा जास्त. राज्याच्या साइटवर कॉलनीचं नाव टाकलं की कंपनी कोण, फोन काय, घर विकताना किती फी उकळणार, सगळं दिसतं. पूर्वी क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पुरी व्हायच्या, आदल्या दिवशी कळायचं. घर विकताना असोसिएशनकडून घ्यायच्या दाखल्याच्या (रीसेल सर्टिफिकेट) फीलाही ३७५ डॉलरची मर्यादा घातली.

बोर्डाला शिक्षणाची अट शून्य. गेल्या वीस वर्षांत गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसली की तुम्ही पात्र.

ठाण्याचे_काका | ८ ऑक्टोबर, सकाळी ९.१५ (भारतीय वेळ)

इथे बसून वाचतोय आणि मजा वाटतेय. आपल्याकडे हे सगळं कागदावर केव्हाच आहे! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम २४अ आहे. त्यानुसार समितीच्या प्रत्येक सदस्याने सहकारी प्रशिक्षण घ्यायचं. सोसायटीच्या बिलात ‘शिक्षण व प्रशिक्षण निधी, १० रुपये’ अशी ओळ बघितली असेल, ती याचीच. मी ठाण्यात बारा वर्षं सेक्रेटरी आहे. दहा रुपये गोळा होतात आणि फेडरेशनला जातात. प्रशिक्षणाला कोण गेलं असं विचारलं की समितीत सगळे छताकडे बघतात.

तुमच्याकडे उपनिबंधक नसतो का? समितीने घोळ घातला की इथे लोक सरळ उपनिबंधकाकडे धावतात, प्रशासक आणतात.

वेगास_वहिनी | ७ ऑक्टोबर, रात्री ९.३०

काका, बहुतेक राज्यांत उपनिबंधक नाही, कोर्ट आहे. म्हणजे पहिल्या दिवसापासून वकिलाचं मीटर चालू. नेवाडात ओम्बड्समन त्यातल्या त्यात जवळचा.

गेथर्सबर्गची_माई | ७ ऑक्टोबर, रात्री १०.१०

मेरीलँडमध्ये राज्यापेक्षा काउंटी कडक असू शकते. आमच्या माँटगोमेरी काउंटीत असोसिएशनची दरवर्षी काउंटीकडे नोंदणी असते आणि नव्या डायरेक्टरला ९० दिवसांत काउंटीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. ऑनलाइन आहे, मी केलंय, कंटाळवाणं पण कामाचं. भांडणं मिटवायला काउंटीचं कमिशनही आहे, वकिलाशिवाय जाता येतं. काकांच्या उपनिबंधकाच्या सगळ्यात जवळचं मला तरी हेच वाटतं.

नवखा_शार्लट | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.००

मधेच विचारतो : ते बीओआय की काय, संघराज्य सरकारकडे डायरेक्टरांचे पासपोर्ट नंबर द्यायचे होते, ते या नोंदणीतच येतं का?

जॅक्सनव्हिलकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

नाही, ते वेगळं होतं. मार्च २०२५ मध्ये फिनसेनने (संघराज्याच्या अर्थखात्याची शाखा) अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून वगळलं. एचओएनाही आता भरायला नको. पण त्याच्या नावानेही फीची पत्रं फिरतात, टोपलीत टाका.

मंजिरीताई, घर जाण्याबद्दल राहिलं होतं. पगार न घेणाऱ्या डायरेक्टरला बोर्डात घेतलेल्या निर्णयासाठी वैयक्तिक जबाबदारीपासून फ्लोरिडाचा कायदा बऱ्यापैकी संरक्षण देतो. स्वतःचा गैरफायदा, गुन्हा, जाणूनबुजून बेपर्वाई असेल तर नाही. शिवाय असोसिएशनचा डी अँड ओ (डायरेक्टर आणि पदाधिकाऱ्यांचा) विमा आहे ना, ते पहिल्या मीटिंगमध्ये विचारा. पॉलिसीचं पहिलं पान स्वतः बघा, ‘आहे आहे’ वर थांबू नका.

मंजिरी_टँपा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.५०

अपडेट देते. कोर्स झाला. क्रिकेट लावलं नव्हतं, नाना!

बरंचसं रटाळ होतं, पण दंडाचा भाग ऐकताना मी ताठ बसले. फ्लोरिडात बोर्ड दंड फक्त ठरवू शकतं, लागू करू शकत नाही. मालकाला १४ दिवसांची लेखी नोटीस, मग सुनावणी, आणि ती वेगळ्या समितीपुढे : किमान तीन सभासद, बोर्डावरचे किंवा असोसिएशनचे कर्मचारी नकोत, त्यांचे जवळचे नातेवाईकही नकोत. त्या समितीने बहुमताने मान्य केलं तरच दंड लागू. नाही तर दंड नाही.

आमच्याकडे अशी समितीच नाही! आजोबा, खजिनदार आणि मॅनेजर मिळून ठरवतात आणि पत्र जातं. गेल्या वर्षीची दंडाची यादी मागितली. त्यात दोन कचऱ्याच्या डब्यांचे, एक पार्किंगचा, आणि एक आमच्याच मागच्या गल्लीतल्या तेलुगू कुटुंबाचा. दिवाळीचे दिवे आणि कंदील डिसेंबरपर्यंत ठेवले म्हणून १०० डॉलर. त्यांनी मुकाट्याने भरले होते. कोर्समध्ये हेच उदाहरण होतं! २०२४ च्या कायद्यानुसार सणाच्या सजावटीबद्दल आधी नोटीस द्यायची, त्यानंतर आठवडा उलटूनही सजावट तशीच असेल तरच दंड. त्यांना गेलेलं पहिलं पत्र हेच दंडाचं पत्र होतं. कचऱ्याचे डबेही उचलायच्या दिवसाच्या आधी किंवा नंतर २४ तासांच्या आत बाहेर असले तर दंड नाही. तारखा तपासतेय.

आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, तीस वर्षं असंच चाललंय. मॅनेजर म्हणते, समितीला माणसं कुठून आणू? आता काय करू? सरळ पैसे परत करता येतील का?

एडिसनचा_नाना | १९ ऑक्टोबर, रात्री १०.३०

हे वाचून मी अर्धा मागे हटतो. पूर्ण नाही. मॅनेजरलाही परवाना आहे, तिलाही हे माहीत असायला हवं होतं. तिचं निलंबन कुठे?

जॅक्सनव्हिलकर | १९ ऑक्टोबर, रात्री ११.००

नाना, तिच्याविरुद्ध डीबीपीआरकडे तक्रार करता येते. पण ताईंना उद्या तिच्याचबरोबर काम करायचंय, तो निर्णय त्यांचा.

ताई, एकट्याने काही करू नका आणि मेलवर मतदान घेऊ नका. बोर्डाची मीटिंग लावा, ४८ तास आधी नोटीस ठळक जागी लावा, अजेंड्यावर दोन विषय : दंड समितीची नेमणूक आणि गेल्या वर्षीच्या दंडांचा फेरविचार. ठराव, कोणी कसं मत दिलं, कोणाला किती परत, सगळं मिनिट्समध्ये. आजोबा विरोधात गेले तरी चालेल, त्यांचं मत नोंदवा. आणि जाता जाता सेक्रेटरीला विचारा, बाकीच्या डायरेक्टरांची प्रमाणपत्रं फाइलला आहेत का. आजोबा हसले होते ते माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मंजिरी_टँपा | २० ऑक्टोबर, सकाळी ६.४०

फाइलला एकच प्रमाणपत्र आहे, माझं. मीटिंग पुढच्या मंगळवारी लावतेय. समितीसाठी पार्किंगचा दंड झालेले गृहस्थ स्वतःहून तयार झालेत, त्यांचा स्वतःचा दंड फेरविचारात असताना त्यांना समितीवर घेता येईल का?

जॅक्सनव्हिलकर | २० ऑक्टोबर, सकाळी ७.१५

सभासद आहेत, बोर्डाचे नातेवाईक नाहीत, मग कायद्याची आडकाठी नाही. फक्त आधी त्यांचा दंड निकालात काढा, मग समिती नेमा. अजेंड्यावर क्रम तसाच लिहा. आणि दिवाळीच्या शुभेच्छा, कंदील लावलात ना?